हलती चित्रे पाहावीत कशी?

वाचकहो, आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. खरे आणि खोटे यांत चार बोटांचे अंतर. कान आणि डोळा यांच्यामध्ये चार बोटे मावतात. कानाने ऐकलेले खोटे असू शकते, डोळ्यांनी पाहिलेले मात्र खरे, असा तिचा अर्थ. आपल्या वाडवडिलांनी याच मापाने व्यवहार केला. ऐकीव गोष्टीवर विसंबू नये. जाऊन पाहावे, मग बोलावे.

आता हे माप अपुरे पडू लागले आहे. कारण डोळ्यांना जे दिसते, तेही पुष्कळदा दुसऱ्या कोणी तयार करून पाठवलेले असते. ते मोबाइलच्या पडद्यावर हलते, बोलते, हसते, रडते. त्याला आपण व्हिडिओ म्हणतो. या व्हिडिओमुळे माणसांचे आपसातले बोलणे कसे बदलले? त्यात चांगले काय, वाईट काय? आणि नुकतेच वाचायला शिकलेल्या माणसाने त्याच्यापुढे कसे वागावे? या धड्यात आपण याचा विचार करू.

पारावरून जत्रेत

मोबाइलवरून एकाच वेळी पुष्कळ माणसांशी बोलता येते. त्या साधनांना समाजमाध्यमे म्हणतात. फेसबुक, यूट्यूब, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम ही त्यांची नावे आपण ऐकली आहेत. फेसबुक २००४ साली निघाले. यूट्यूब २००५ साली, व्हॉट्सॲप २००९ साली आणि इन्स्टाग्राम २०१० साली. म्हणजे ही सगळी मंडळी अजून वयाने लहानच आहेत.

यांतले यूट्यूब पहिल्यापासून व्हिडिओचेच. त्यावरचा पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५चा. तो अवघा १९ सेकंदांचा आहे. एक तरुण प्राणिसंग्रहालयात हत्तींपुढे उभा राहून थोडेसे बोलतो, एवढेच त्यात आहे. बाकीची माध्यमे मात्र आरंभी गावच्या पारासारखी होती. पारावर कोण बसतात? ओळखीची माणसे. एक जण बोलतो, दुसरा उत्तर देतो. तसेच इथे होते. कोणी चार ओळी लिहायचे. कोणी मुलाच्या बारशाचा फोटो लावायचे. ओळखीचे लोक वाचायचे आणि उत्तर लिहायचे.

मग व्हिडिओ आला. इन्स्टाग्रामवर आधी नुसते फोटो होते. जून २०१३मध्ये तिथे १५ सेकंदांचा व्हिडिओ लावता येऊ लागला. पुढे टिकटॉक नावाचे चिनी कंपनीचे माध्यम आपल्याकडे गावोगाव पसरले. त्यावर लहान लहान व्हिडिओ असत. एक संपला की दुसरा हजर. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. पण ती गोडी गेली नाही. त्याच वर्षी जुलैत इन्स्टाग्रामने आपल्याकडे 'रील' सुरू केले. सप्टेंबरात यूट्यूबने 'शॉर्ट्स' आणले.

इथे पाराची जत्रा झाली. जत्रेत आपण बोलायला जात नाही, बघायला जातो. एकीकडे पाळणा, एकीकडे डोंबाऱ्याचा खेळ, एकीकडे मौतका कुवा. प्रत्येक जण ओरडून आपल्याला बोलावतो. त्यांतला कोणीही आपल्या ओळखीचा नसतो. आज समाजमाध्यमांवर हेच चालते. लिहिणारे कमी झाले, पाहणारे वाढले. ओळखीच्यांचे निरोप मागे पडले आणि परक्यांचे खेळ पुढे आले. मनातले बोलायचे झाले, तर लोक आता आपापल्या लहान गटांत बोलतात. बाहेर नुसते बघत बसतात.

हे एवढे लवकर कसे घडले?

याचे एक कारण स्वस्ताई. मोबाइलवर काहीही पाहायचे, तर डेटा खर्च होतो. मजकुराला डेटा फार थोडा लागतो. व्हिडिओला फार लागतो. एका मिनिटाच्या व्हिडिओच्या डेटात मजकुराची शेकडो पाने मावतील. म्हणून डेटा महाग होता, तोवर गावातली माणसे व्हिडिओच्या वाटेला फारशी जात नसत. २०१४-१५च्या सुमारास एक जीबी डेटाला दोनशे रुपयांहून अधिक पडत. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ ही कंपनी बाजारात उतरली. पहिले काही महिने तिने डेटा फुकटच दिला. मग इतर कंपन्यांनाही दर उतरवावे लागले. २०१८पर्यंत एक जीबीचा दर वीस रुपयांच्या आत आला. जो शेतकरी पूर्वी मोबाइल नुसता बोलण्यापुरता वापरी, तो आता गोठ्यात बसून व्हिडिओ पाहू लागला.

दुसरे कारण असे की, व्हिडिओला अक्षरओळख लागत नाही. ज्याला वाचता येत नाही, त्यालाही तो कळतो. हा त्याचा मोठा गुण आहे. आणि पुढे आपण पाहू, हाच त्याचा धोकाही आहे.

दुकानदाराची नजर

आता आम्ही एक प्रश्न विचारतो. एवढे व्हिडिओ आपल्याला फुकट दाखवून कंपन्यांना काय मिळते?

कापडाच्या दुकानाची गोष्ट घ्या. आपण साडी घ्यायला जातो. दुकानदार गठ्ठे सोडतो. तो बोलतो आपल्याशी, पण त्याची नजर असते आपल्या हातावर. कोणत्या साडीवर आपला हात क्षणभर थांबला? लाल काठाच्या? लगेच तो लाल काठाच्या आणखी दहा साड्या पुढे टाकतो. आपण तोंडाने काही मागितले नव्हते. पण हाताने सांगितले होते.

मोबाइलमधले यंत्र तसेच करते. आपण कोणत्या व्हिडिओवर किती वेळ थांबलो, हे ते मोजते. कोणता अर्ध्यात सोडला, कोणता पुन्हा पाहिला, कोणता दुसऱ्याला पाठवला, हेही त्याच्या वहीत नोंदले जाते. २०१२ साली यूट्यूबने आपली रीत बदलली. व्हिडिओ किती जणांनी उघडला, यापेक्षा लोक किती वेळ पाहत राहिले, याला त्यांनी जास्त महत्त्व दिले. कारण आपण जितका वेळ थांबू, तितक्या जाहिराती आपल्याला दाखवता येतात. जाहिरातवाला कंपनीला पैसे देतो. म्हणजे व्हिडिओ फुकट नाही, बरं का. त्याची किंमत आपण आपल्या वेळाने चुकती करतो.

यंत्राला खरेखोटे कळत नाही. त्याला फक्त थांबलेला अंगठा कळतो. माणूस कशापाशी थांबतो? भांडण, भीती, चमत्कार, कोणाची फजिती. मग तेच पुन्हा पुन्हा समोर येते. शेजारच्याच्या मोबाइलवर वेगळे येते, आपल्या मोबाइलवर वेगळे. पूर्वी गावात एकच तंबू लागे आणि सारा गाव एकच खेळ पाही. दुसऱ्या दिवशी त्यावर चर्चा होई. आता एका घरातली चार माणसे चार वेगळे खेळ पाहतात. आपल्याला जे दिसते तेच सगळ्या जगात चालले आहे, असे प्रत्येकाला वाटते.

व्हिडिओचे उपकार

पण सगळा दोष व्हिडिओच्या माथी मारणे बरे नव्हे. त्याचे उपकारही आहेत.

कलम कसे बांधावे, हे पुस्तकात चार वेळा वाचून जे समजत नाही, ते एकदा पाहून समजते. कर्णबधिर माणसे खुणांच्या भाषेत बोलतात. साध्या फोनचा त्यांना उपयोग नव्हता. आता ती व्हिडिओवरून शेकडो कोसांवरच्या नातलगांशी बोलतात. मुलगा पुण्याला कारखान्यात आणि आई गावी. तिला रोज त्याचा चेहरा दिसतो. हे काय थोडे आहे?

अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, सारोळा कासार हे गाव आहे. तिथल्या सुमन धामणे या आजी. वयाची सत्तरी गाठल्यावर त्या यूट्यूबवर आल्या. आजींनी चुलीपाशी बसून गावरान स्वयंपाक करायचा आणि नातवाने तो मोबाइलवर टिपायचा. 'आपली आजी' या नावाने त्यांचे व्हिडिओ दहा लाखांहून अधिक लोकांपर्यंत पोहोचले. पूर्वी एवढ्या लोकांपुढे बोलायचे, तर मोठे पद लागे, नाही तर मोठा पैसा लागे. आता खेड्यातल्या आजीलाही ती जागा मिळते. ही चांगलीच गोष्ट म्हटली पाहिजे.

म्हणून व्हिडिओ पाहू नका, असे आम्ही सांगणार नाही. पाहा. पण पारखून पाहा.

वाटाण्याचे रोप

पारखायचे, तर आधी व्हिडिओ म्हणजे काय ते कळले पाहिजे. व्हिडिओ म्हणजे एकामागून एक भरभर दाखवलेली स्थिर चित्रे. एका सेकंदात साधारण २४ ते ३० चित्रे डोळ्यांपुढून सरकतात, म्हणून ती हलल्यासारखी वाटतात. चित्रे सुटी असल्यामुळे ती कापता येतात, जोडता येतात, मागेपुढे करता येतात.

आपल्या मराठी मुलखात ही विद्या कोणी वश केली, हे आपण ऐकले असेल. ते दादासाहेब फाळके. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट १९१३ साली मुंबईत लागला. पण त्याआधी १९१२ साली त्यांनी एक लहानसे चित्र काढले. कुंडीत वाटाणा पेरला. त्याची रोज थोडी थोडी चित्रे टिपली. मग सगळी एकापाठोपाठ दाखवली. पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत बी उगवले आणि रोप वाढले!

आता शेतकऱ्याला हे सांगायला नको की, वाटाणा काही क्षणांत उगवत नाही. ते चित्र खोटे होते का? नाही. रोप खरे होते, वाढ खरी होती. पण मधले दिवस काढून टाकलेले होते. एवढे ध्यानात ठेवा. खऱ्या चित्रांची कापणी आणि जोडणी करून भलतेच काही दाखवता येते. फाळक्यांनी ते आनंदासाठी केले. सगळेच त्याच हेतूने करतात, असे नाही.

कापलेली पाटी

आता एक दुःखाची गोष्ट. ती सांगावी लागते, कारण ती आपल्याच महाराष्ट्रात घडली.

२०१८ साली देशभर एक हूल उठली. मुले पळवणाऱ्या टोळ्या आल्या आहेत, असे निरोप व्हॉट्सॲपवरून फिरू लागले. त्यांच्याबरोबर व्हिडिओही फिरले. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा हे गाव आहे. १ जुलै २०१८ रोजी तिथे आठवड्याचा बाजार होता. त्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण गावात आले. बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले. भिक्षा मागत गावोगाव फिरणारी ही माणसे. लोकांना संशय आला. जमाव जमला. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारहाण झाली. पाचही जणांचे प्राण गेले. ते मुले पळवणारे नव्हते. पोटासाठी फिरणारे गरीब होते. पाच घरे उघड्यावर आली.

त्या दिवसांत देशभर फिरणाऱ्या व्हिडिओंपैकी एक असा होता. गल्लीत मुले खेळत आहेत. मोटारसायकलवरून दोघे येतात, एका मुलाला उचलतात आणि निघून जातात. पाहणाऱ्याच्या काळजात धस्स होते. पण हा व्हिडिओ भारतातला नव्हताच. तो पाकिस्तानातल्या कराचीचा होता. मुलांकडे लक्ष ठेवा, हे पालकांना शिकवण्यासाठी तो मुद्दाम नाटक करून काढला होता. मूळ व्हिडिओत ते दोघे परत येतात, मुलाला सोडतात आणि एक पाटी दाखवतात. मूल पळवणे किती सोपे आहे, सावध राहा, अशा अर्थाचा मजकूर त्या पाटीवर आहे. कोणी तरी शेवटचा तेवढाच तुकडा कापला आणि उरलेला पाठवून दिला.

वाचकहो, इथे नीट थांबा. कापले काय? लिहिलेली पाटी कापली. जो भाग वाचायचा होता, तोच गेला. जो नुसता पाहायचा होता, तो राहिला. अक्षर गेले आणि भीती उरली.

या प्रकारानंतर व्हॉट्सॲपने काही बदल केले. दुसऱ्याकडून आलेला निरोप पुढे ढकलला, तर त्यावर तशी खूण येऊ लागली. भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पाठवता येईल, अशी मर्यादा आली. फार हातांतून फिरलेल्या निरोपावर दोन बाण दिसतात. असा निरोप २०२० सालापासून एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. पण ही कुंपणे झाली. राखण आपल्यालाच करायची आहे.

नवे सोंग

अलीकडे आणखी एक विद्या निघाली आहे. यंत्राच्या साह्याने एखाद्याचा चेहरा आणि आवाज हुबेहूब उठवता येतो. त्याच्या तोंडी वाटेल ते शब्द घालता येतात. याला डीपफेक म्हणतात. आपल्या शब्दांत, यंत्राने आणलेले सोंग. जानेवारी २०२४मध्ये सचिन तेंडुलकर यांचा असा एक व्हिडिओ फिरला. मोबाइलवरच्या एका खेळातून पैसे मिळतात, असे ते सांगताना दिसत होते. तेंडुलकर यांनी स्वतः सांगितले की, हा व्हिडिओ बनावट आहे. तेव्हा ओळखीचा चेहरा दिसला, ओळखीचा आवाज ऐकला, एवढ्यावरून पैसे गुंतवायला धावू नका. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते. आणि फसगत झालीच, तर लाजून गप्प बसू नये. १९३० या सरकारी क्रमांकावर ताबडतोब कळवावे. जितका उशीर, तितका पैसा दूर जातो.

वाचणाऱ्याच्या हातातला लगाम

कोणी म्हणेल, "गुरुजी, आता सगळे पाहूनच कळते. मग या वयात अक्षरे गिरवायची कशाला?"

आमचे उत्तर असे. व्हिडिओ त्याच्या चालीने पळतो. आपल्याला विचार करायला तो सवड देत नाही. वाचन मात्र आपल्या चालीने चालते. ओळ समजली नाही, तर आपण थांबतो, मागे जातो, बोट ठेवून पुन्हा वाचतो. घोडा चांगला असतो, पण लगाम हवा. व्हिडिओ हा घोडा आहे. वाचता येणे हा लगाम आहे.

एक उदाहरण घ्या. समजा, व्हिडिओत एक जण सांगतो, "हे औषध दुप्पट मारा. एका फवारणीत कपाशीवरची बोंडअळी साफ!" त्याचे बोलणे छान आहे, मागे हिरवेगार शेत आहे. ज्याला वाचता येत नाही, तो त्याच्यावर विश्वास ठेवील. ज्याला येते, तो आधी डब्यावरचा कागद वाचील. कोणत्या पिकाला, किती पाण्यात, किती औषध, हे त्यावर छापलेले असते. त्यावर रंगीत त्रिकोणही असतो. लाल रंग म्हणजे सर्वांत जहाल विष. त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. शंका राहिली, तर तो कृषी विज्ञान केंद्रात विचारील. व्हिडिओवाला आपले पीक जळाले, तर भरपाई द्यायला येणार नाही. औषध अंगावर उडाले, तर दवाखान्यातही नेणार नाही.

म्हणून धक्का देणारा कोणताही व्हिडिओ आला, की आधी अंगठा दाबून तो थांबवा आणि हे पाच प्रश्न विचारा.

१. हा कोणी काढला? नाव लिहिले आहे का?

२. केव्हाचा आहे? खाली तारीख असेल, तर वाचा.

३. कुठला आहे? दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे क्रमांक वाचून पाहा. भाषा आपल्याकडची आहे का?

४. पूर्ण आहे की तुकडा? आरंभ आणि शेवट दिसतो का?

५. मी तो पुढे पाठवला, तर कोणाचे भले होईल आणि कोणाचे नुकसान?

पाचांतल्या एकाचेही उत्तर मिळाले नाही, तर व्हिडिओ आपल्यापाशीच ठेवावा. पुढे पाठवू नये. विहिरीत घाण पडली, तर आपण घागर भरून शेजाऱ्याला देत नाही. इथेही तोच न्याय.

आणखी एक. रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास व्हिडिओ पाहिला, तर दहा मिनिटे तरी वाचनाला द्या. वर्तमानपत्र वाचा, औषधाची चिठ्ठी वाचा, सातबारा वाचा. पाहिलेल्या व्हिडिओत काय होते, ते दोन ओळींत वहीत लिहून पाहा. पुष्कळदा असे आढळेल की, अर्धा तास पाहिले आणि लिहायला काहीच नाही. आपला अर्धा तास कोणी नेला, ते मग आपोआप कळेल.

जुन्या म्हणीत कान आणि डोळा यांच्यामध्ये चार बोटे होती. आता त्या बोटांना नवे काम आले आहे. डोळ्याने पाहिले तरी लगेच मानू नये. बोट ठेवून वाचावे, विचारावे, मग मानावे.

अभ्यास

१. पार आणि जत्रा यांत फरक काय? समाजमाध्यमांना ही उदाहरणे कशी लागू पडतात?

२. कराचीच्या व्हिडिओतला कोणता भाग कापला होता? तो राहिला असता, तर काय झाले असते?

३. आपल्या मोबाइलवर आलेला एक व्हिडिओ घ्या. त्याला वरचे पाच प्रश्न लावा. उत्तरे वहीत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.

४. घरातल्या एका मुलाला किंवा मुलीला हा धडा मोठ्याने वाचून दाखवा.